नानांचं सरकार आणि घरातल्या बायका

१९६७ साली बीडने लोकसभेवर निवडून दिलेला खासदार मराठवाड्यातला नव्हताच. तो होता कृष्णाकाठच्या येडेमच्छिंद्र गावचा. क्रांतिसिंह नाना पाटील! नांदेड-लातूरच्या आपल्या आज्या-पणज्या निजामाच्या राज्यात १७ सप्टेंबर १९४८ ची वाट बघत होत्या ना, त्याच्याही आधी या माणसाने साताऱ्याकडे इंग्रजांच्या नाकावर टिच्चून स्वतःचं सरकार चालवलं होतं.

नानांचा जन्म १९०० सालचा. नोकरी तलाठ्याची, म्हणजे गावात मानाची. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी ती सोडली. मग तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या, आणि १९४२ नंतर तर ते भूमिगतच झाले. १९४३ पासून आजच्या सांगली-सातारा भागात प्रतिसरकार उभं राहिलं. तुफान सेना, रेल्वे अडवून खजिना लुटणं हे सगळं आपण पुस्तकात वाचलेलं असतं. पण मैत्रिणींनो, मला त्यातलं मोलाचं वाटतं ते वेगळंच.

या सरकारची न्यायमंडळं गावातच बसत. सावकाराने लुबाडलं, दारुड्याने बायकोला मारलं, कुणी तिला टाकून दिलं, की तक्रार तिथे जायची. घरातली भानगड म्हणून ती उंबऱ्याआड दाबली जात नसे. गुन्हेगाराच्या तळपायावर काठीचे फटके बसत. त्यावरूनच लोक पत्री सरकार म्हणू लागले. शिक्षा अघोरीच, ती आज कुणी मान्य करणार नाही. पण बाईचा मार हा सरकारने दखल घ्यायचा गुन्हा आहे, हे तेव्हा गावाला पहिल्यांदाच कळलं असेल. शिवाय गांधी पद्धतीची लग्नं! हुंडा नाही, वाजंत्री नाही, जेवणावळी नाहीत. लेकीच्या लग्नापायी जमीन गहाण टाकणाऱ्या बापाला केवढा आधार!

नानांच्या स्वतःच्या घराला मात्र हे सगळं महागात पडलं. इंग्रजांनी घर-जमीन जप्त केली. लेक हौसाताई तीन वर्षांची असतानाच तिची आई गेलेली, आणि बाप असा रानोमाळ. ही लेक पुढे स्वतःच चळवळीत उतरली. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर तिने आणि साथीदारांनी नवरा-बायकोच्या मारहाणीचं सोंग केलं. पोलीस भांडण सोडवायला धावले, तेवढ्यात बाकीच्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. सोंग असलं तरी मार खरा बसला होता म्हणे!

१९४६ मध्ये हे सरकार संपलं, नाना उजेडात आले. पुढे शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट पक्ष, संयुक्त महाराष्ट्राचा लढा. १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि दहा वर्षांनी बीडमधून ते खासदार झाले. ६ डिसेंबर १९७६ रोजी ते गेले. हौसाताई त्यांच्यामागे पंचेचाळीस वर्षं जगल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या गेल्या, तेव्हा पंचाण्णव वर्षांच्या होत्या.