भाऊंचा बाजार

मी कॉन्व्हेंटमधली. वॉटर्लूची लढाई तोंडपाठ, पण आपल्या सांगली जिल्ह्यातले परशुरामभाऊ पटवर्धन कोण, ते इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं! तासगावच्या गणपतीचं सात मजली गोपूर बघायला आम्ही मैत्रिणी गेलो होतो. ते भाऊंनी बांधलं असं समजलं आणि मी लायब्ररी गाठली.

भाऊ तासगावचे जहागीरदार, पेशव्यांचे सरदार. १७९० मध्ये पेशवे, निजाम आणि इंग्रज टिपूविरुद्ध एकत्र आले, तेव्हा भाऊंनी धारवाडला वेढा घातला. सोबत मुंबईची एक इंग्रज तुकडी होती. तोफा थोड्या, दारूगोळा अपुरा. वेढा सहा महिन्यांहून जास्त रेंगाळला. त्या तुकडीतल्या एडवर्ड मूर या अधिकाऱ्याने पुढे पुस्तक लिहून मराठी गोलंदाजांची भरपूर टिंगल केली.

पण पोटाचा प्रश्न आला आणि चित्र पालटलं. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणजवळची लढाई जिंकला, पण त्याचे बैल मेले, धान्य संपलं. मोठ्या तोफा स्वतःच निकामी करून तो मागे फिरला. वाटेत घोडेस्वार दिसले. आधी शत्रूच वाटले, पण निघाले भाऊ आणि हरिपंत फडके! मराठी छावणीबरोबर अख्खा बाजार चालायचा. वाणी, सराफ, बैलांच्या पाठीवर धान्य आणणारे लमाण, सगळे. भाव चढे होते, पण धान्य होतं. कवायती फौजेला शेवटी या गबाळ्या बाजारानेच जगवलं. पुढच्या मोहिमेत कॉर्नवॉलिसनेही लमाणांचीच मदत घेतली.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. फौजेमागे पेंढारीही असत. त्यांना पगार नसे, त्यांचं पोट लुटीवर. त्याच वर्षी भाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. तो डाग भाऊंच्या नावाला कायमचा चिकटला.

१७९८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींचा उठाव मोडायला भाऊच गेले. १७९९ मध्ये पट्टणकुडीला कोल्हापूरकरांशी लढताना ते पडले.

आपण इंजिनिअर मशीनचं कौतुक करतो, रसद पुरवणाऱ्याला मात्र हसतो. रविवारी रात्री मेस बंद असली की मला कॉर्नवॉलिसची दया येते! पण भाऊंकडून मी दोन गोष्टी शिकले: पोट भरणाऱ्याला कमी लेखू नये आणि त्याचा पगार कधी थकवू नये.