गाडीच्या एसीचा गॅस शोधणारा माणूस स्वतःच्याच यंत्रात अडकून मेला

मे महिन्यात देवळ्याहून सटाण्याला निघा. उन्हात उभी राहिलेली गाडी म्हणजे भट्टीच. एसी फुल्ल केला तरी सुरुवातीला गरम वाराच येतो. एसीतला गॅस आतली उष्णता उचलतो आणि पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमधून बाहेर टाकतो. पण बाहेरच 42 अंश असेल तर टाकणार कुठं? त्यात गाडी ट्रॅफिकमध्ये थांबली की संपलंच.

हा गॅस गाडीपर्यंत आला तो थॉमस मिजलीमुळे. अमेरिकेत 1889 साली जन्मलेला हा गडी शिकला मेकॅनिकल इंजिनिअरिंग, नाव काढलं केमिस्ट्रीत. जनरल मोटर्समध्ये असताना 1921 मध्ये त्यानं पेट्रोलमध्ये शिसं मिसळलं. इंजिनाची ठकठक थांबली, पण शिसं लोकांच्या रक्तात गेलं. भारतात हे पेट्रोल बंद व्हायला 2000 साल उजाडलं.

मग फ्रिजची पाळी आली. तेव्हाच्या फ्रिजमधले गॅस विषारी, गळती झाली की माणसं दगावायची. मिजलीच्या टीमनं फ्रीऑन बनवला. 1930 मध्ये त्यानं भर सभेत हा गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विष नाही, आगीची भीती नाही! पुढं कित्येक दशकं गाड्यांच्या एसीतही हाच भरला गेला.

1940 मध्ये पोलिओनं त्याला अंथरुणाला खिळवलं. उठण्यासाठी त्यानं दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली. 1944 मध्ये त्याच दोऱ्यांनी गळा आवळला गेला.

फ्रीऑनसारखे गॅस ओझोनचा थर खातात, हे 1974 मध्ये समोर आलं. आज आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-134ए असतो. तो ओझोनला हात लावत नाही, पण गळला की हवा तापवायला मदत करतोच.