भंगाराच्या ढिगातून १२८ पेटंट!

आपल्या जाफराबादेत पेरणी यंत्राचा एखादा पार्ट तुटला की शेतकरी कंपनीच्या माणसाची वाट बघत बसत नाही. तो सरळ वेल्डिंगच्या दुकानात जातो. तिथला मेकॅनिक भंगारातून एखादी पट्टी शोधतो, कापतो, ठोकतो, जोडतो आणि काम फत्ते! आपण त्याला वेल्डिंगचे पैसे देतो. त्याने जे डोकं लावलं, त्याचे पैसे द्यायचे असतात हे आपल्या मनातही येत नाही. आज ज्याची गोष्ट सांगतोय, तो अशाच एका दुकानात वाढलेला पोरगा. पण पुढे त्याने डोक्याचे पैसे मागितले.

त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. मित्रांनो, पबजीत तुम्ही पी १९११ पिस्तूल उचललं असेल, तर ते मूळ त्याचंच डिझाइन.

ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या ऑग्डेनचा. जाफराबाद जसं पूर्णा आणि केळना या नद्यांच्या संगमावर, तसंच ऑग्डेनही वेबर आणि ऑग्डेन या दोन नद्यांच्या काठचं गाव. वडील जोनाथन बंदुका दुरुस्त करायचे. दुकानात मोडक्या बंदुकांचा ढीग पडलेला असायचा, आणि तोच जॉनचा खेळ. दहाएक वर्षांचा असताना त्याने टाकून दिलेली नळी, लाकडी फळी आणि तार जोडून एक ओबडधोबड बंदूक बनवली आणि धाकट्या भावासोबत रानपाखरांची शिकारही करून आला. शाळा फार झाली नाही. इंजिनिअरिंग कॉलेजचं तर तोंडही पाहिलं नाही.

१८७९ साली त्याच्या आयुष्यात सगळं एकदमच घडलं. लग्न झालं, वडील वारले आणि ऑक्टोबरमध्ये पहिलं पेटंट मिळालं. एका वेळी एकच गोळी भरायची, अशी ती साधी रायफल होती. भावांनी मिळून गावातच छोटा कारखाना टाकला आणि ती हाताने बनवून विकायला लागले. त्यातली एक विंचेस्टर या नामांकित कंपनीच्या नजरेस पडली. १८८३ मध्ये कंपनीचे टी. जी. बेनेट रेल्वेने थेट ऑग्डेनला आले. एवढं काम या छोट्या दुकानात झालंय, हे पाहून थक्क झाले असणार. त्यांनी ८,००० डॉलरला त्या रायफलचे हक्क विकत घेतले.

त्यानंतर ब्राउनिंगने हात घातला लिव्हर रायफलला. ही चालते कशी? घोड्याखाली बोटं अडकवायची एक कडी असते. ती खाली ओढली की आधीच्या गोळीचं रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि घोडा मागे ताणला जातो. कडी वर घेतली की नळीखालच्या नळकांड्यातलं नवं काडतूस जागेवर बसतं. खाली-वर, की पुढची गोळी तयार. अशा रायफली त्याच्या आधीही होत्या, पण मोठी, जोरदार काडतुसं त्यांना पेलत नव्हती. ब्राउनिंगच्या १८८६ च्या मॉडेलने ती अडचण सोडवली.

१८९२ च्या मॉडेलचा किस्सा तर भारीच आहे. बेनेटना एक छोटी लिव्हर रायफल घाईने हवी होती. तीन महिन्यांत दिली तर १० हजार डॉलर आणि दोन महिन्यांत दिली तर १५ हजार, अशी त्यांची ऑफर. ब्राउनिंगने उलटीच पैज लावली. तीस दिवसांत देतो, २० हजार घेईन. उशीर झाला तर फुकट. महिन्याच्या आत रायफल तयार होती!

मग आलं १८९४ चं मॉडेल. याच्या ७० लाखांहून जास्त रायफली बनल्या. आपल्याकडे आज बंदूक घ्यायची तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यासाठी जालन्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. तिकडचा शेतकरी तेव्हा दुकानातून सरळ घेऊन यायचा. नवी रायफल आणली की पहिलं काम नेम जुळवायचं. नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच एका रेषेत धरायची, दोन-चार गोळ्या झाडून बघायच्या. गोळ्या डावीकडे जात असतील तर मागची खाच जराशी उजवीकडे सरकवायची. या रायफलची एकच खोड होती. रिकामं काडतूस वरून बाहेर पडायचं, त्यामुळे वर दुर्बीण बसवायची पंचाईत. ते तिरकं बाहेर पडेल असा बदल कंपनीने केला, पण १९८० च्या दशकात.

विंचेस्टर ब्राउनिंगची डिझाइनं एकरकमी विकत घ्यायची. त्यातली बरीचशी तर तिने कधी बनवलीही नाहीत. दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून नुसती घेऊन ठेवली. शेवटी आपोआप गोळी भरणाऱ्या शॉटगनच्या वेळी ब्राउनिंग अडून बसला. प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी हवी, म्हणाला. बेनेटनी नकार दिला आणि १९०२ मध्ये एकोणीस वर्षांचं नातं तुटलं. तो रेमिंग्टन कंपनीकडे गेला. भेटीची वाट बघत बसला असतानाच तिथले अध्यक्ष हार्टली हृदयविकाराने गेल्याची बातमी आली. मग गड्याने बंदूक घेऊन बेल्जियमची बोट पकडली. तिथली एफएन कंपनी आधीपासून त्याची पिस्तुलं बनवत होतीच. तिने रॉयल्टी मान्य केली.

ही पिस्तुलं जगभर पसरली, आणि आपल्यापर्यंतही पोचली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातूनच. झाडणारा अनंत कान्हेरे औरंगाबादेत शिकलेला, तुमच्या-माझ्यापेक्षाही लहान. १९८१ मध्ये जालना जिल्हा होईपर्यंत आपला जाफराबाद तालुकाही औरंगाबाद जिल्ह्यातच होता, म्हणजे कान्हेरे तसा आपल्याच भागातला. १९ एप्रिल १९१० ला त्याला ठाण्यात फाशी झाली. पुढे १९१४ मध्ये सारायेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली आणि पहिलं महायुद्ध पेटलं. तिथलं पिस्तूलही ब्राउनिंगच्याच डिझाइनचं.

त्या युद्धात अमेरिकेने त्याच्या मशीनगन घेतल्या. सरकारने साडेसात लाख डॉलर देऊ केले. रॉयल्टीचा हिशेब लावला असता तर रक्कम कोटीच्या वर गेली असती. पण रॉयल्टीसाठी विंचेस्टर सोडणाऱ्या या माणसाने इथे घासाघीस न करता होकार दिला.

२६ नोव्हेंबर १९२६ ला बेल्जियममधल्या कारखान्यात, मुलाच्या ऑफिसात, हृदयविकाराने तो गेला. वय ७१. नावावर १२८ पेटंट. त्या दिवसांतही एका नव्या पिस्तुलावर काम चालूच होतं.

आपण बनवलेली वस्तू कुणाच्या हातात जाईल आणि तिचं काय होईल, हे ब्राउनिंगला ठरवता आलं नाही. आपल्या डोक्याची किंमत मात्र त्याने स्वतः ठरवली, कधी मागून तर कधी सोडून. पुढच्या वेळी वेल्डिंगच्या दुकानात गेलात, तर तिथल्या दादाला एवढंच विचारून बघा, की ही आयडिया तुमची का?