धनंजयराव गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ (१० एप्रिल १९०१ – ३ मे १९७१) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक आणि सहकारी चळवळीचे विचारवंत होते. केंद्रीय साहाय्याच्या राज्यांमधील वाटपासाठी १९६९ मध्ये स्वीकारलेल्या 'गाडगीळ सूत्रा'मुळे त्यांचे नाव सर्वत्र परिचित झाले. तथापि, भारतात उद्योजक वर्ग कोणत्या समाजगटांतून आणि कोणत्या परिस्थितीत उदयास आला, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या संशोधकांतही त्यांची गणना होते.

जीवन

गाडगीळांचा जन्म नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपुरात आणि उच्च शिक्षण केंब्रिज विद्यापीठात झाले. भारतात परतल्यावर त्यांनी काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले. १९२५ ते १९३० या काळात ते सुरतेच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्य होते. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन केली, तेव्हा तिचे संचालकपद गाडगीळांकडे आले. १९६६ पर्यंत ते त्या पदावर होते. त्यानंतर ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९६७ पासून नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

औद्योगिक उत्क्रांतीचा अभ्यास

केंब्रिजमधील प्रबंधावर आधारलेला त्यांचा 'द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढे अनेक वर्षे निघत राहिल्या व विद्यापीठांतून तो पाठ्यग्रंथ म्हणून वाचला गेला. हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाची मीमांसा करताना गाडगीळांनी केवळ यंत्रमालाच्या स्पर्धेवर बोट ठेवले नाही. देशी दरबार नष्ट झाल्याने उंची मालाचा ग्राहक नाहीसा होणे आणि परकीय सत्तेमुळे अभिरुची बदलणे, ही कारणेही त्यांनी तितकीच महत्त्वाची मानली. स्वतंत्र कारागीर व्यापारी-सावकाराच्या भांडवलावर अवलंबून राहून हळूहळू मजूर कसा बनतो, ही प्रक्रियाही त्यांनी नोंदवली. कारागिराच्या हाती कसब असूनही उद्योगाची सूत्रे त्याच्याकडे का राहत नाहीत, हा प्रश्न त्यांच्या पुढील संशोधनाचा पाया ठरला.

पुण्यात या प्रश्नाला क्षेत्रीय पाहणीची जोड मिळाली. फळबाजार, मोटार वाहतूक, वाई तालुक्यातील शेती अशा विषयांवर संस्थेने पाहण्या केल्या. ना. म. जोशी यांचा मुंबई इलाख्याच्या दख्खन भागातील नागरी हस्तव्यवसायांवरील ग्रंथ संस्थेने १९३६ मध्ये प्रसिद्ध केला. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन खंड १९४५ व १९५२ मध्ये निघाले. भारतीय शहरांच्या अशा पाहण्यांचा तो एक आरंभीचा नमुना मानला जातो.

उद्योजक वर्गाच्या उगमाविषयी संशोधन

दुसऱ्या महायुद्धानंतर उद्योजकता हा जगभर स्वतंत्र अभ्यासविषय बनू लागला. हार्वर्ड विद्यापीठात १९४८ मध्ये उद्योजकतेच्या इतिहासासाठी संशोधन केंद्र सुरू झाले. भारताबाबत मात्र मॅक्स वेबरच्या प्रभावाखाली धर्म व जातिव्यवस्था यांनाच औद्योगिक मागासलेपणाचे कारण ठरवण्याकडे अनेकांचा कल होता. या पार्श्वभूमीवर गोखले संस्थेने इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्स या आंतरराष्ट्रीय संस्थेसाठी भारतीय व्यापारी समाजांच्या उदयावर टिपणे तयार केली. ती १९५१ मध्ये उपलब्ध झाली. त्यानंतर १९५९ मध्ये गाडगीळांचे 'ओरिजिन्स ऑफ द मॉडर्न इंडियन बिझनेस क्लास' हे छोटेखानी पुस्तक न्यूयॉर्क येथून प्रसिद्ध झाले. लेखकाने त्यास अंतरिम अहवाल असेच म्हटले होते.

या पुस्तकात अठराव्या शतकाच्या मध्यापासूनच्या व्यापारी समाजांचा प्रदेशवार आढावा आहे. गुजरातेतील वाणी व त्यांची महाजन-परंपरा, पारशी, बोहरा, पंजाबातील खत्री, राजस्थानातून देशभर पसरलेले मारवाडी, दक्षिणेतील चेट्टी व कोमटी अशा गटांच्या व्यवसायांची व संघटनेची तुलना त्यात येते. गाडगीळांच्या मांडणीचा रोख व्यक्तीच्या गुणांपेक्षा व्यवसायाच्या सामाजिक यंत्रणेवर होता. पेढीवरील उमेदवारी, नातेवाइकांची पत, हुंडीचा व्यवहार आणि दूरच्या बाजारपेठांची माहिती ज्या गटांकडे पिढीजात होती, त्यांना इंग्रजी राजवटीतील नव्या संधी प्रथम साधता आल्या.

सहकार आणि संशोधनाचा उपयोग

उद्योजकतेचे दार पत आणि संघटना यांमुळे अरुंद राहत असेल, तर ते रुंद करण्याचा मार्ग गाडगीळांना सहकारात दिसला. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची त्यांची पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच प्रवरा परिसरात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या संचालक समितीतही ते सदस्य होते. १९५४ च्या तिच्या अहवालाने शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के असल्याचे दाखवले आणि सहकारी संस्थांमध्ये शासनाच्या भागीदारीची शिफारस केली.

प्रभाव आणि मूल्यमापन

गाडगीळांच्या पुस्तकानंतर व्यापारी समाजांच्या इतिहासावर विपुल संशोधन झाले. थॉमस टिम्बर्ग यांचा मारवाड्यांवरील ग्रंथ (१९७८) आणि अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील द्विजेंद्र त्रिपाठी यांचे कार्य हे त्यातील महत्त्वाचे टप्पे होत.

समाजगट हे एकक पुरेसे आहे का, यावर मात्र मतभेद राहिले. जेम्स बेर्ना यांनी मद्रास राज्यातील अभियांत्रिकी उद्योजकांच्या अभ्यासात (१९६०) जातीपेक्षा भांडवल, तांत्रिक ज्ञान आणि संधी यांना अधिक महत्त्व दिले. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्यासारखे उद्योजक पारंपरिक व्यापारी समाजाबाहेरून आले. समाजगटांच्या चौकटीतून त्यांचा उदय पुरता उलगडत नाही.

साखर कारखान्यांविषयीच्या पुढील संशोधनाने दुसरा प्रश्न उभा केला. बा. स. बाविस्कर यांच्या अभ्यासाने (१९८०) सहकारी कारखाने राजकीय सत्तेची केंद्रे कसे बनले, हे दाखवले. डोनाल्ड ॲटवुड यांनी (१९९२) ऊस उत्पादक शेतकऱ्यांमधील उद्यमशीलतेवर भर दिला. मूठभर समाजांबाहेरही उद्योजक घडू शकतात, या गाडगीळांच्या अपेक्षेला या इतिहासाने दुजोरा दिला. मात्र नव्या संस्थांची सूत्रेही पुन्हा थोड्यांच्याच हाती एकवटू शकतात, हेही त्यातून स्पष्ट झाले.

गोखले संस्थेच्या ग्रंथालयाला धनंजयराव गाडगीळ यांचे नाव देण्यात आले आहे.