भास्कराचार्य आणि कर्णावरचा चौरस

गणपती ही बुद्धीची देवता. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत सह्याद्रीच्या आश्रयाला राहिलेल्या एका बुद्धिमंताची ओळख करून द्यावी, असे मनात आले. ते म्हणजे भास्कराचार्य.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ सालचा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे उतारवयात, ११८३ साली, ‘करणकुतूहल’ लिहिला. लीलावती ही त्यांची मुलगी, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. मात्र ती फैजीच्या १५८७ मधील फारसी भाषांतरातून पसरली.

काटकोन करणाऱ्या दोन बाजूंवर चौरस काढले, तर त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज कर्णावरच्या चौरसाएवढी येते. शाळेत आपण हा सिद्धांत पायथागोरसच्या नावाने शिकलो. यज्ञवेदीच्या मापांसाठी रचलेल्या बौधायनाच्या शुल्बसूत्रातही तो भास्कराचार्यांच्या कितीतरी शतके आधी आलेला आहे. भास्कराचार्यांचे मोठेपण असे, की नियम खरा का, हेही ते दाखवतात.

बीजगणितात त्यांनी १५ आणि २० बाजूंचा काटकोन त्रिकोण घेतला आहे. असे चार त्रिकोण, कर्ण बाहेरच्या बाजूला ठेवून, गोलाकार फिरवत मांडले की कर्णावरचा पूर्ण चौरस तयार होतो. मधोमध ५ बाजूचा लहान चौरस मोकळा राहतो. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५०, चारांचे ६००, मधल्या चौरसाचे २५, एकूण ६२५. १५ आणि २० यांच्या वर्गांची बेरीजही ६२५. म्हणून कर्ण २५. पुठ्ठ्याचे चार तुकडे कापून मुलांना हे जरूर करून दाखवा.

लीलावतीतले कमळाचे गणितही असेच. पाण्यावर अर्धा हात वर असलेले कमळ वाऱ्याने कलून दोन हातांवर बुडते, तर पाणी किती खोल? उत्तर पावणेचार हात. म्हणजे देठ सव्वाचार हात.

माझ्यासारख्या रेल्वेतल्या डिप्लोमावाल्याला हे कमळ चांगले ओळखीचे आहे. वळणावर रुळाला २० मीटरची दोरी ताणून आम्ही मधोमध रूळ आणि दोरी यांतले अंतर मोजतो. त्याला व्हर्साइन म्हणतात. अर्धी दोरी म्हणजे कमळ सरकले ते अंतर, व्हर्साइन म्हणजे पाण्यावरचा अर्धा हात आणि वळणाची त्रिज्या म्हणजे देठ! व्हर्साइन ५० मिलिमीटर आला, तर त्रिज्या १००० मीटर. वळणावर गाडीला किती वेग द्यायचा, हे पुढे या त्रिज्येवरच अवलंबून असते. सूत्र पुस्तकात तयार मिळते. पण दोरी २० मीटरऐवजी १० मीटरची घ्यावी लागली, तर सूत्राचे कारण ठाऊक असलेल्यालाच हिशेब नव्याने मांडता येतो.

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादवराजा जैत्रपालाच्या पदरी होते, तर नातू चांगदेव सिंघण राजाचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. १२०७ च्या सुमाराचा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. त्याचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारातल्या मालावर राजाला मिळणारा वाटा मठाला दिल्याची नोंद त्यात आहे. गणित शिकवण्यासाठी बाजारातला पैसा लावणारी ती माणसे होती!

आपण परप्रांतात वर्गणी काढून उत्सव करतो, आरत्या मुलांना पाठ करून देतो. त्याच मंडपात एका संध्याकाळी पुठ्ठ्याचे ते चार त्रिकोणही मांडले जावेत, एवढीच गणरायाचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!