डिस्ने वर्ल्ड उभं राहिलं, पण वॉल्ट डिस्नेने ते पाहिलंच नाही

डिसेंबरच्या सुट्टीत फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचं तर बुकिंग आधीच करून ठेवावं लागतं, नाताळात तुफान गर्दी असते. ज्याच्या नावाने ही गर्दी होते, त्या वॉल्टचा जन्मही डिसेंबरातलाच, ५ डिसेंबर १९०१.

१९५५ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू केलं. पार्क चाललं, पण शेजारच्या जागेवर मोटेलं थाटून पैसा भलत्यांनीच केला. म्हणून फ्लोरिडात त्याने वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. डिस्नेचं नाव फुटलं असतं तर भाव भडकले असते ना!

पण बांधकाम सुरू होण्याआधीच, १५ डिसेंबर १९६६ ला कॅन्सरने तो गेला. मोठा भाऊ रॉय निवृत्तीच्या बेतात होता, तो थांबला. नावात 'वॉल्ट' हवंच, हा हट्ट त्याचाच. १ ऑक्टोबर १९७१ ला पार्क उघडलं. त्याच वर्षी २० डिसेंबरला रॉयही गेला.