पाठ सरळ झाली, पुढे काय? फातिमा इस्माईल यांच्या कामातून समजून घ्या

धरणगावसारख्या गावात वयात येणाऱ्या मुलीचा एक खांदा वर दिसला की घरचे आधी दप्तराच्या ओझ्याला दोष देतात. पण कारण स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकणे, हेही असू शकते. वाक साधारण २५ अंशांपुढे गेला आणि वाढ शिल्लक असेल तर ब्रेस, ४५ ते ५० अंशांपुढे शस्त्रक्रिया, ही आजची ढोबळ पद्धत. पण उपचारानंतर मूल जगते कसे? मुंबईत हा प्रश्न एका आईने फार आधी हाती घेतला होता, पोलिओच्या निमित्ताने.

फातिमा इस्माईल यांचा जन्म १९०३ चा. गांधीजींचे सहकारी उमर सोबानी हे त्यांचे भाऊ, त्यामुळे स्वातंत्र्य चळवळ घरातच होती. चाळीसच्या दशकात त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीला पोलिओ झाला. त्या तिला मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे घेऊन गेल्या, नंतर पुण्यात जखमी सैनिकांसाठीच्या केंद्रात. महिनोन्‌महिने व्यायाम, मालिश, पुन्हा व्यायाम. मुलगी सुधारू लागली. पण इतकी धावपळ किती आयांना परवडणार?

मे १९४७ मध्ये डॉ. बाळिगा यांनी चौपाटीवरची आपली जागा दिली आणि तिथे मुलांसाठी दवाखाना सुरू झाला. त्यातून सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रेन उभी राहिली आणि पुढे हाजी अलीचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय. संस्थेच्या नावातला ‘क्रिपल्ड’ आज कानाला खटकतो. मात्र त्याच नावात ‘रिहॅबिलिटेशन’, म्हणजे पुनर्वसन, होते. आमच्या मते त्यांचे वेगळेपण तिथेच आहे.

पोलिओत धडाच्या एका बाजूचे स्नायू दुबळे झाले की कणा वाकतो आणि वाढीच्या वयात वाक वाढत जातो. म्हणून अशा मुलांच्या बाबतीत पायांबरोबर पाठीकडेही वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. फातिमाबाईंना १९५८ मध्ये पद्मश्री मिळाली, १९७८ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. हाजी अलीला आज त्याच संस्थेच्या नावाने नवे बालरुग्णालय उभे आहे.

आता पोलिओ गेला, स्कोलिओसिस मात्र आहे. मोठा वाक मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त आढळतो. उपचार झालेल्या मुलांची स्थिती मोजायला डॉक्टर २२ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. त्यात हालचाल, वेदना, स्वतःच्या दिसण्याबद्दलची भावना, मनःस्थिती आणि उपचारांबद्दलचे समाधान विचारले जाते. एक्स-रेतले अंश त्यात कुठेच नाहीत. ब्रेस दिवसाचे अनेक तास घालावा लागतो. शाळेत तो कपड्यांखाली दिसतो म्हणून मुली काढून ठेवतात आणि वाक वाढतो. घरच्यांनी याबद्दल बोलणे म्हणूनच गरजेचे.

तपासणी घरीही करता येते. मुलीला पाय जुळवून, गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली तर जळगावला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, परीक्षा संपायची वाट न पाहता.